शोमरोनी स्त्रीवर बोलायचंय, पहिल्या काळातल्या ख्रिस्ती लोकांनी तिच्याबद्दल काय म्हटलंय?

मिरजेची_सून

सगळ्यांना सलाम. जरा मोठं लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा, मला खरंच मदत हवीय.

यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला झाला आणि लेंटच्या (ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ) तिसऱ्या रविवारी म्हणजे ८ मार्चला आमच्या मंडळीत महिलांची उपासना आहे, त्याच दिवशी महिला दिनही आलाय. दरवर्षी संदेशाला बाहेरून कुणाला तरी बोलावतात, यंदा महिला मंडळातल्या बायकांनी ठरवलं की आपल्यातलीच कुणीतरी उभी राहील, आणि माझं नाव पुढं केलं. मी संडे स्कूल घेते तेवढंच, मोठ्या माणसांपुढं कधी बोलले नाही. वचन आहे योहान ४, याकोबाच्या विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जिच्याकडे दमलेल्या येशूने पाणी मागितलं; यहूद्यांचं आणि शोमरोन्यांचं तेव्हा पटत नसे.

आता खरी अडचण सांगते. या वचनावर मी लहानपणापासून जे जे ऐकलंय ते सगळं एकाच चालीचं. ती वाईट चालीची बाई, पाच नवरे केलेली, लोकांना तोंड दाखवायची लाज म्हणून भर दुपारी बारा वाजता पाण्याला आली, आणि प्रभूने तिचं पाप उघडं केलं. झालं, मग अर्धा तास बायकांनी कसं वागावं त्यावर.

माझी एक मावशी आहे. पहिला नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला, पदरात दोन पोरं, मग घरच्यांनीच दुसरं लग्न लावून दिलं, तो माणूस वर्षभरात सोडून गेला. तिनं शिवणकाम करून पोरं वाढवली, दोघंही आज मार्गाला लागलेत. पण हे वचन आलं की ती शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसते हे मी स्वतः बघितलंय. एके वर्षी तर संदेश देणारे म्हणाले की अशा बाया आजही आपल्यात बसल्यात. त्यानंतर त्या रविवारी तिचं डोकं दुखायला लागतं, ती येतच नाही. यंदा मी बोलणार म्हणून येते म्हणालीय.

तर माझा प्रश्न असा की अगदी सुरुवातीचे ख्रिस्ती लोक, म्हणजे पहिली चार-पाचशे वर्षं, ते पण या बाईबद्दल असंच बोलायचे का? का हे नंतर कुणीतरी चिकटवलंय? आणि दुसरं, आमची मंडळी प्रेस्बिटेरियन म्हणजे प्रोटेस्टंट वळणाची, तिथं ऑगस्टिन वगैरे नावं घेतली तर कुणी म्हणेल का की हे कॅथलिकांचं इथं कशाला?

---

वाईचे_काका

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो कारण ते सोपं आहे. ऑगस्टिन कुणा एकाचा नाही. हा जुना बिशप आणि ख्रिस्ती शिक्षक इ.स. ३५४ ला आजच्या अल्जीरियात जन्मला आणि ४३० ला गेला, म्हणजे कॅथलिक-प्रोटेस्टंट ही वाटणी व्हायच्या हजारभर वर्षं आधीचा. ल्यूथर आणि कॅल्विन या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांच्या लिखाणात पानोपानी त्याचं नाव येतं. तेव्हा बिनधास्त घ्या.

आता तुमच्या बाईबद्दल. मला विचाराल तर तुम्ही योहान क्रिसोस्टोमपासून सुरू करा. क्रिसोस्टोम हे आडनाव नाही, लोकांनी मागाहून दिलेलं नाव, अर्थ सोन्याच्या मुखाचा. हा अंत्युखियाचा, म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांत शिष्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती म्हटलं गेलं ते गाव. योहानाच्या शुभवर्तमानावर त्याची ८८ प्रवचनं आहेत आणि त्यातल्या ३१ ते ३५ मध्ये ही बाई येते. एका बाईवर इतकं! मी निवृत्त झाल्यावर हे सगळं वाचून काढलं, तीन हिवाळे लागले, पण त्या पानांपाशी मी आजही थांबतो.

तो म्हणतो बघा, प्रेषितांनी जाळी टाकली ती प्रभूने बोलावल्यावर. हिला कुणी सांगितलं नव्हतं की घागर टाक आणि गावात जा. ती आपल्या मनाने घागर तिथंच ठेवून पळाली आणि शुभवर्तमान सांगणाऱ्याचं काम केलं. आणि पुढं म्हणतो, अंद्रियाने एकाला आणलं, फिलिप्पाने एकाला आणलं, हिने अख्खं गाव उठवून आणलं. आता सांगा, हे वाईट चालीच्या बाईबद्दलचं बोलणं वाटतं का?

अजून एक. ती गावात जाऊन काय म्हणाली ते तो बारकाईने बघतो. ती म्हणाली नाही की या आणि विश्वास ठेवा. म्हणाली, या आणि बघा. ख्रिस्ताने तिला जसं हळूहळू जवळ घेतलं तसंच तिने गावाला घेतलं, असं त्याचं म्हणणं. आणि मी केलेलं सगळं त्याने सांगितलं, हे स्वतःच्या तोंडाने गावभर सांगायला ती लाजली नाही. क्रिसोस्टोमला ह्या न लाजण्याचंच कौतुक आहे.

एक छोटी गोष्ट सांगू का, ३२ व्या प्रवचनात ही बाई किती शोधक आहे हे सांगता सांगता तो एकदम ऐकणाऱ्यांकडे वळतो. म्हणतो, तुमच्यापैकी घरी गेल्यावर शास्त्र हातात घेतो कोण? फासे तुमच्या घरोघरी सापडतील, पुस्तक कुठंच नाही. आणि ज्यांच्याकडे आहे ते बांधून पेटीत ठेवतात, चामडं किती मऊ आणि अक्षर किती सुंदर याचंच कौतुक. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं वाचताना मला माझ्या कपाटातलं सोनेरी कडांचं बायबल आठवलं आणि त्या दिवसापासून ते बाहेर टेबलावर आलं ते आलंच.

---

साताऱ्याचा_वाचक

काकांनी छान सांगितलं. मी कॅथलिक आहे म्हणून लेंटच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण ही बाई लेंटमध्येच का वाचतात हे कळलं तर संदेशाला कणा मिळेल असं मला वाटतं.

आमच्या मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, यंदा पहिलं म्हणजे अ वर्ष. त्यात लेंटचे रविवार असे: पहिल्याला रानातली परीक्षा, दुसऱ्याला डोंगरावरचं रूपांतर, मग तिसरा शोमरोनी स्त्री, चौथा जन्मांध माणूस आणि पाचवा लाजार, ज्याला प्रभूने मरणातून उठवलं. हे शेवटचे तीन मुद्दाम लावलेत. जुन्या रोमन पद्धतीत ईस्टरच्या रात्री ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा त्यांच्या तयारीसाठी ही तीन वचनं वापरायचे. पाणी, मग उजेड, मग जीवन. म्हणजे ही बाई पहिल्यांदा लेंटमध्ये आली ती कुणाला तरी ओरडायला नाही, नवीन येणाऱ्यांचा हात धरायला आली. ते उमेदवार स्वतःच तिच्या जागी उभे होते.

तेव्हाची तयारी किती कडक होती ते एगेरिया नावाच्या बाईने लिहून ठेवलंय. ही पश्चिमेकडून यरुशलेमला यात्रेला गेली, साधारण ३८१ ते ३८४ च्या सुमारास, आणि घरच्या आपल्या भगिनींसाठी सगळं लिहिलं. यरुशलेमात तेव्हा लेंट आठ आठवड्यांचा, कारण शनिवार-रविवार उपास नाही. उमेदवार नाव द्यायचा, मग बिशप त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचे की हा नीट राहतो का, आईबापाला मान देतो का, पितो का. मग रोज सकाळी तीन तास शिकवण. आणि पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आदल्या दिवशी सगळे बेथानीला लाजाराच्या जागी जायचे, इतकी गर्दी की आजूबाजूची शेतं भरून जायची आणि तिथं ते वचन वाचायचे. मला हे वाचताना दरवेळी वारीच आठवते, चालत जायचं आणि जिथं घडलं तिथंच ऐकायचं.

आता ऑगस्टिन. योहानावर त्याची १२४ प्रवचनं आहेत, त्यातलं १५ वं या बाईवर. तुमच्यासाठी त्यातल्या दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत.

एक म्हणजे प्रभू दमून विहिरीवर बसला हे वाक्य. त्यावर तो म्हणतो, ख्रिस्ताच्या सामर्थ्याने तुला घडवलं आणि ख्रिस्ताच्या दुबळेपणाने तुला परत घडवलं. दमलेला देव! आणि तो पाणी मागत होता तेव्हा त्याला खरी तहान होती ती तिच्या विश्वासाची.

दुसरी, ते बारा वाजलेलं. तुम्ही लिहिलंत की लाजेने दुपारी आली असं सांगतात. ऑगस्टिन त्या सहाव्या ताशीचा (तेव्हाच्या मोजणीत दुपारचे बारा) अर्थ लाजेशी जोडतच नाही, तो म्हणतो जगाचं सहावं युग चालू झालं तेव्हा ख्रिस्त आला, म्हणून सहावी तास. पटो न पटो, पण लाज त्यात नाही. आणि योहान पण दुपारची वेळ सांगतो तेवढीच, ती का आली त्यावर एक शब्द लिहीत नाही.

हे पण प्रामाणिकपणे सांगायला हवं की ऑगस्टिन तिला निर्दोष म्हणत नाही. पाच नवऱ्यांचा अर्थ तो पाच इंद्रियं असा घेतो, माणूस लहानपणी डोळे-कान-जीभ यांच्या ताब्यात असतो, मोठेपणी बुद्धीच्या ताब्यात यायला हवा, तिचा तो खरा नवरा अजून आलेला नाही, त्याच्या जागी चूक येऊन बसलीय. म्हणजे त्याच्या लेखी ती बाई म्हणजे आपण सगळे, पुरुषसुद्धा.

---

तासगावकर

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी स्वतः कॉटेज प्रेयरला संदेश देतो म्हणून जबाबदारीनं सांगतोय. आजकाल एक पद्धत आलीय की शास्त्रातल्या पापी माणसाला चांगलं ठरवायचं आणि मग पश्चात्तापाचा विषयच बाजूला पडतो. प्रभूने तिला स्पष्ट सांगितलं की आता आहे तो तुझा नवरा नाही. हे शब्द त्याचे आहेत, आपले नाहीत. लेंट म्हणजे पश्चात्तापाचा काळ. ताईंच्या मावशींबद्दल मला वाईट वाटतं, त्यांचा यात काही दोष नाही आणि ज्यांनी तसं बोलून दाखवलं त्यांचं चुकलंच. पण एका माणसाचं दुःख बघून वचनाचा अर्थ बदलता येतो का? तुम्ही ८ तारखेला उभ्या राहून म्हणणार का की तिचं काहीच चुकलं नव्हतं?

---

वाईचे_काका

तासगावकर, तुमचा मुद्दा हलका नाही आणि मी तो टाळणार नाही. क्रिसोस्टोम पण ते वाक्य सोडून देत नाही. तो म्हणतो की तिचं वर्म उघडं झालं तेव्हा ती चिडली नाही, उठून गेली नाही, उलट अजून जवळ आली आणि उपासना कुठं करायची हा सगळ्यात मोठा प्रश्न तिने विचारला. त्यामुळे पाप नव्हतंच असं कुणीच म्हणत नाहीये. फरक भर कशावर द्यायचा त्यात आहे. आपल्याकडे संदेश पाच नवऱ्यांपाशी येऊन थांबतो, त्याचा संदेश घागरीपर्यंत जातो.

आणि दुसरी गोष्ट. योहान कुठं सांगतो की ते पाच नवरे तिने सोडले? त्या काळात सोडचिठ्ठी द्यायचा हक्क पुरुषाचा. मरण तर कुणाच्याही घरी येतं, सदूकी या यहूदी गटातल्या लोकांनी प्रभूला सात भावांची आणि एकाच बायकोची गोष्ट विचारली होती ती आठवा. पाच वेळा रडलेली असेल ती कदाचित. आपण त्या जागी नव्हतो.

आता लेंट आणि पश्चात्तापाबद्दल. इ.स. ३८७ चा लेंट. अंत्युखियात नव्या करावरून दंगा झाला, लोकांनी बादशहाचे आणि त्याच्या घरच्यांचे पुतळे पाडले. सगळं शहर घाबरून बसलेलं की आता कत्तल होणार. म्हातारे बिशप फ्लावियान कॉन्स्टंटिनोपलला थिओदोसियस या रोमन बादशहाचे पाय धरायला निघाले आणि मागं लोकांना धीर द्यायला हा क्रिसोस्टोम, तेव्हा साधा पाळक, जवळजवळ रोज प्रवचन द्यायचा. अशा वेळी, मान उडायची वेळ आलेली असताना, तो लोकांना उपास शिकवतो. काय शिकवतो? नुसतं तोंडाने उपास करू नका, डोळ्यांनी करा, कानांनी करा, पायांनी करा, हातांनी करा. कानाचा उपास म्हणजे दुसऱ्याची निंदा ऐकायची नाही. आणि पुढचं वाक्य मी अजून विसरलो नाही, की पक्षी आणि मासे खायचं सोडलं आणि आपल्या भावांना चावून खाल्लं तर फायदा काय?

चाळीस दिवस मटण बंद आणि उपासना सुटल्यावर फाटकापाशी उभं राहून कुणाच्या तरी घरचं बोलायचं, हे मी आमच्या वाईत बघितलंय, तुम्ही तुमच्याकडं बघितलं असेल. लेंटमध्ये पश्चात्ताप सांगायचाच असेल तर तो त्या मावशींना सांगायचा की तिच्याकडे बघून मान फिरवणाऱ्यांना, एवढंच मला विचारायचंय.

---

जतची_मास्तरीण

मी फार शिकलेली नाही या विषयात पण पाण्याबद्दल बोलू शकते, म्हणून लिहितेय.

जत तालुक्यात ज्यांनी उन्हाळे काढलेत त्यांना विचारा दुपारी बारा वाजता बाई पाण्याला का जाते. टँकर येईल तेव्हा जाते. विहिरीत रात्रभर पाझरलेलं पाणी पहाटे पहिल्या बायांनी उपसून नेलं की परत पाझरायला वेळ लागतो, म्हणून दुपारी जाते. घरात आजारी माणूस असेल, सकाळी दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली असेल, तर दुपारीच जाते. माझी आई दोन किलोमीटरवरून हंडा आणायची, कधी पहाटे कधी भर उन्हात, तिला कुणी चालीवरून नावं ठेवली नाहीत. आता म्हैसाळच्या योजनेनं कृष्णेचं पाणी आमच्या बऱ्याच गावात आलंय म्हणून आजच्या पोरींना हे माहीत नाही, आणि ज्यांच्या घरी नळ आहे त्यांना बाराला विहिरीवर जाणारी बाई बघून लाजच सुचणार.

आणि ते जिवंत पाणी. शहरातले लोक याचा लगेच आत्म्याचा अर्थ सांगतात, तो बरोबरच आहे, पण आमच्याकडं आजही म्हणतात की अमक्याच्या विहिरीला जिवंत झरा लागला. म्हणजे साठवलेलं नाही, आतून येणारं. ती बाई पण आधी तेच समजली असणार ना, कारण ती म्हणते विहीर खोल आहे, तुमच्याजवळ पोहरा नाही, मग जिवंत पाणी आणणार कुठून? किती हुशार प्रश्न आहे हा. दोर-पोहरा वापरलेली बाईच हे विचारेल. मला तर प्रत्येक वेळी वाटतं की प्रभूला तिच्याशी बोलायला मजा येत असेल.

---

साताऱ्याचा_वाचक

मास्तरीणबाई, तुम्ही जे लिहिलंत तेच ऑगस्टिनने त्याच १५ व्या प्रवचनात लिहिलंय! तो लोकांना समजावतो की जिवंत पाणी म्हणजे आपण नेहमी ज्याला म्हणतो तेच, झऱ्यातून उसळतं आणि झऱ्यावरच भरून घेतलं जातं ते. पावसाचं पाणी तळ्यात, हौदात साठवलं तर त्याला जिवंत म्हणत नाहीत. उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या मुलुखात राहणारा माणूस तो, त्याच्या लोकांना हौद आणि झरा यातला फरक लगेच पटला असेल. तुमचा झरा आणि त्याचा झरा एकच निघाला, मला फार आनंद झाला.

ताई, अजून एक नाव घ्या, एफ्रेम. हा सिरियाक नावाच्या जुन्या भाषेत लिहायचा, निसिबिस आणि नंतर एदेसा गावी होता, ३७३ ला वारला. तो बिशप नव्हता, डीकन म्हणजे मंडळीचा सेवक होता, आणि गाण्यांतून शिकवायचा, त्याची गीतं बायकांचे गट गायचे. म्हणजे बघा महिला मंडळाचं भजन किती जुनं आहे. तो या बाईची पायरी पायरीने झालेली ओळख सांगतो. आधी तिला दिसला एक तहानलेला माणूस, मग यहूदी, मग गुरू, मग संदेष्टा आणि शेवटी ख्रिस्त. तहानलेल्यावर तिने कुरघोडी करायला बघितलं, यहूद्याचा तिला तिटकारा आला, गुरूशी वाद घातला, संदेष्ट्यापुढं ती हरखली आणि ख्रिस्तापुढं तिने डोकं टेकवलं. प्रभूने पहिल्याच वाक्यात मी ख्रिस्त असं सांगितलं असतं तर ती हंडा भरून निघून गेली असती. त्याने तिला चढायला वेळ दिला.

आणि ओरिगेन म्हणून एक फार मोठा विद्वान होऊन गेला, तिसऱ्या शतकातला, आलेक्सांद्रियाचा. तो तर सरळ म्हणतो की ख्रिस्ताने या बाईला गावाकडे जणू प्रेषित म्हणून वापरलं. तिसऱ्या शतकात हे लिहिलंय. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही, सुरुवातीला नुसतं तसं बोलत नव्हते.

---

तासगावकर

काकांचं उत्तर दोनदा वाचलं. पाच वेळा रडलेली असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, एवढं कबूल करतो. पश्चात्तापाचा विषय सोडू नका हे माझं म्हणणं कायम आहे, फक्त ताई, तो सगळ्यांना मिळून सांगा, बायकांच्या बाकांकडे बघून नको. आणि कानाचा उपास हे मी येत्या शुक्रवारी आमच्याकडे घेतो, चालेल ना काका?

---

वाईचे_काका

घ्या घ्या, माझं थोडंच आहे ते.

---

मिरजेची_सून

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या नावं जास्त घेऊ नकोस, बायका नावांत अडकतील, दोनच घे. मग मी क्रिसोस्टोम आणि एफ्रेम ठेवले, ऑगस्टिनचं फक्त दमलेल्या देवाचं वाक्य ठेवलं. ८ तारीख झाली की येऊन सांगते.

---

मिरजेची_सून

आज ९ मार्च. सांगायला आले.

काल मी एक पितळी घागर घेऊन गेले होते, आईची, चिंच लावून घासलेली. पुलपिटाच्या खाली पायरीवर रिकामी ठेवली आणि सुरुवातीला काहीच बोलले नाही. मग जतच्या ताईंचं दुपारचं पाणी सांगितलं (तुमचं नाव-गाव न घेता), तेव्हा म्हाताऱ्या बायकांच्या माना हलायला लागल्या, एक आजी तर बाकावरूनच म्हणाल्या की आम्ही पण बारालाच जायचो बाई. तिथून मला धीर आला. एफ्रेमच्या पायऱ्या सांगताना मी खरोखर एक एक पायरी खाली उतरत घागरीपर्यंत आले, असं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप चालले. पश्चात्ताप पण घेतला तासगावच्या दादा, कानाचा उपास म्हणून घेतला, आणि ते मासे आणि भावाला चावणं सांगितलं तेव्हा सगळी देवळातली माणसं एकदम गप्प झाली, पुरुषांच्या बाजूची सुद्धा. वाक्य संपल्यावर पुढं बोलायला मलाच थोडा वेळ लागला.

पाच नवऱ्यांच्या ठिकाणी मी काकांचंच वाक्य म्हणलं, की पाच वेळा रडलेली असेल ती कदाचित, योहानाने सांगितलं नाही आणि आपण तिथं नव्हतो. मावशीकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. ती शेवटच्या बाकावर नव्हती, तिसऱ्यावर होती, माझ्या पोरीला मांडीवर घेऊन, आणि सरळ माझ्याकडं बघत होती.

उपासना झाल्यावर ती लगेच काही बोलली नाही. घागर उचलायला मदत केली, रिक्षात बसलो, मग मिशन हॉस्पिटलच्या चौकात आल्यावर म्हणाली, तो अंत्युखियाचा कोण म्हणालीस, घागर टाकून पळाली म्हणणारा, त्याचं नाव मला चिठ्ठीवर लिहून दे. मी बिलाच्या पाठीमागं लिहून दिलं. तिनं ते घडी करून बायबलात ठेवलं, योहान ४ लाच.

आता पुढची अडचण. महिला मंडळ म्हणतंय पाचव्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, म्हणजे २० तारखेला, लाजारावर पण तूच बोल. घरगुती उपासना आहे, ज्यांच्याकडं आहे त्यांच्या मुलाला दारूचं व्यसन आहे आणि ते कुणापासून लपलेलं नाही, त्यामुळे फार जपून बोलावं लागेल. यावर जुन्या लोकांनी काही म्हटलंय का?

---

साताऱ्याचा_वाचक

म्हटलंय, आणि अगदी तुमच्या कामाचं. ऑगस्टिनचं ४९ वं प्रवचन बघा. तो म्हणतो शुभवर्तमानात प्रभूने तिघांना मरणातून उठवल्याचं सांगितलंय. याइराची मुलगी घरातच होती, नाईनच्या विधवेचा मुलगा तिरडीवर बाहेर निघाला होता आणि लाजार चार दिवस कबरेत. पहिलं म्हणजे मनातलं पाप, दुसरं हातून घडलेलं, आणि तिसरं सवय झालेलं, ज्याच्यावर धोंड बसलीय आणि ज्याची दुर्गंधी लोकांना कळायला लागलीय. धोंड म्हणजे सवयीचं ओझं. पण तो तिथं थांबत नाही, ज्याला सगळ्यांनी सोडून दिलं त्याच्यासाठीच प्रभू रडला आणि मोठ्याने हाक मारली. आणि बाहेर आल्यावरही लाजाराचे हातपाय बांधलेलेच होते, ते सोडायचं काम प्रभूने भोवतीच्या लोकांना सांगितलं.

मी त्या प्रवचनातला महत्त्वाचा भाग मराठीत करून आज रात्री इथंच टाकतो. त्या मुलाच्या आईला आधी भेटून या मात्र.